तीर्थनच्या पाण्यासाठी बूट: सोल, लेस आणि डायलच्या नोंदी

15 जून 2024, पुणे

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात जायचं नक्की झालं. मी, दादा आणि दादाचा मुलगा. मुक्काम गुशैनीला, फ्लाय रॉडवर (गळाला कृत्रिम माशी लावून) ब्राउन ट्राउट, आणि मिळाला की परत पाण्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी काश्मीर आणि कुल्लूच्या पाण्यात सोडलेला हा मासा आता तिथलाच झालाय. हिमाचलात ट्राउटची बंदी 1 नोव्हेंबरला लागते ती फेब्रुवारीअखेरपर्यंत. मे-जूनमध्ये वितळलेल्या बर्फाचं पाणी जोरात असतं, त्यानंतर पाऊस. म्हणून ऑक्टोबर. आपला दसरा संपतो तेव्हा कुल्लूचा सुरू होतो, यंदा 13 ऑक्टोबरला. औटच्या बाजूचा रस्ता तुंबायच्या आत निघायचं.

रॉड आणि लाइनवरून आमच्यात भांडण नाही. प्रश्न पायांचा आहे. दादा एकसष्ट वर्षांचा, डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. तीर्थनचा तळ म्हणजे पाण्याने घासून गोल झालेले धोंडे, त्यावर शेवाळाचा पातळ थर आणि दोन धोंड्यांमध्ये बरोबर पाऊल अडकेल एवढी फट. तिथे घोटा मुरगळला तर उचलून रस्त्यावर आणायलाच माणसं लागतील. तेव्हा बुटांचं खातं माझ्याकडे.

तीर्थन ज्या बियासला मिळते तिच्यात लारजी धरणाच्या खाली उतरायचं नाही, हेही आजच लिहून ठेवते. 8 जून 2014 ला लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ हैदराबादचे 24 इंजिनीअरिंगचे विद्यार्थी वाहून गेले. तसल्या पाण्यापुढे कुठलाही सोल टिकत नाही.

हाताशी असलेला माल: दादाचे जुने फेल्ट सोलचे (तळाला तंतू दाबून केलेला जाड थर), लेसचे बूट. भाच्याचे सिअ‍ॅटलहून आणलेले रबर सोलचे, डायलचे, म्हणजे लेसऐवजी चकती फिरवून आवळायचे. माझे काहीच नाहीत.

22 जून

दादाचे बूट माळ्यावरून काढले. बाहेरून बरे दिसतात, पण जुन्या बुटांचं खरं दुखणं मधल्या थरात असतं. तो थर पॉलियुरेथेनचा असेल तर वापरा नाहीतर नुसता ठेवा, हवेतला दमटपणा त्याची रासायनिक साखळी तोडत राहतो. एक दिवस तो भाकरीच्या कोरड्या पिठासारखा हातात येतो. सह्याद्रीतल्या ट्रेकर मंडळींना हे चांगलं ठाऊक आहे: कपाटात जपून ठेवलेल्या महागड्या बुटांचे सोल राजगडाच्या वाटेवर दोन्ही पायांतून एकदम निघतात. काही बुटांत या थराला ईव्हीए फोम असतो, त्याला हा रोग नाही.

अंगठ्याचं नख बाजूने दाबून पाहिलं. मधला थर दबतो आणि परत वर येतो, भेग नाही, भुगा नाही. शिवण घट्ट आहे. वरचा भाग कृत्रिम चामड्याचा आहे, हे नशीब. खरं चामडं भिजून-वाळून आखडतं आणि पुढचा भाग वर वळतो. फेल्ट मात्र टाचेकडे निम्म्याहून जास्त झिजलंय. लेस कापसाची निघाली, कुणीतरी मधे बदललेली दिसते. ओली झाली की फुगते आणि गाठ नखांनी सुटत नाही. ती आजच कचऱ्यात टाकली.

वरचे धातूचे हूकही खटकतात. फ्लायची लाइन पाण्यात पायाशी सैल पडलेली असते. तिला अडकायला काहीही पुरतं, आणि उघडा हूक तर हमखास. मासा लागून पळायला लागला आणि लाइन बुटाच्या हुकात गुंतली तर टिपेट, म्हणजे लाइनच्या टोकाचा बारीक धागा, तुटणारच.

30 जून

माझ्या मापाचा शोध. माझा पाय यूके 5. पुरुषांच्या वेडिंग, म्हणजे पाण्यातून चालायच्या, बुटांचं माप साधारण माझ्या पायाच्या पुढेच सुरू होतं, बायकांसाठीचे जोड मोजके आणि तेही बाहेरून मागवायचे. नेहमीचं माप घेऊनही चालत नाही. आमचे वेडर म्हणजे छातीपर्यंतची जलरोधक विजार, पावलाला तीन-चार मिलिमीटर जाड निओप्रीनचा मोजा जोडलेला. आत लोकरीचा मोजा. हे सगळं घालून बूट बसला पाहिजे. काही कंपन्या ही जागा मापातच धरतात, काही धरत नाहीत. मापाच्या तक्त्यात ते नेमकं कुठेतरी खाली बारीक अक्षरात असतं.

घट्ट बूट हा या उद्योगातला सगळ्यात महाग पडणारा प्रकार. निओप्रीन दाबलं गेलं की त्यातले हवेचे बुडबुडे चपटतात आणि ऊब जाते. बोटांचं रक्त अडतं ते वेगळंच. पण सैल बुटात टाच उचलली जाते, आणि गोल धोंड्यावर उचललेली टाच म्हणजे मुरगळलेला घोटा. म्हणजे मला पुढे सैल आणि मागे घट्ट असा बूट हवा. हे काम मापाने होत नाही, बांधण्याने होतं.

एका परिचितांच्या बायकोचे, जवळजवळ न वापरलेले, रबर सोलचे, लेसचे मिळाले. वेडर चढवून घरातल्या जिन्यावरून उतरले, पायरीच्या कडेला पुढचा भाग आपटून पाहिला. बोटं टेकत नाहीत. टाच मात्र हलते. घेतले.

13 जुलै

सोलची चाचणी. मुळशीकडच्या एका ओढ्याच्या काठाला, पोटरीभर पाण्यात, शेवाळलेल्या बेसाल्टवर. आम्ही चालून तर पाहिलंच, पण पायाचा अंदाज मनासारखा झुकतो. म्हणून बुटात वाळूच्या पुरचुंड्या भरल्या आणि बॅगा मोजायच्या डिजिटल काट्याने तो दगडावरून ओढला. निसटायच्या क्षणी काटा काय दाखवतो ते पाहायचं.

शेवाळावर फेल्टने साध्या रबराला सरळ मागे टाकलं. कारण उघड आहे: त्याचे तंतू बुळबुळीत थरातून खाली दगडापर्यंत पोचतात आणि दगडाच्या आकाराप्रमाणे दबतात. रबर थरावरच तरंगतं. दादा खूष. मग त्याच बुटांनी तो चिखलाच्या उतारावरून वर यायला निघाला आणि दोन्ही हात टेकूनच वर आला. गवत, चिखल, सुकी पानं, सगळ्यावर फेल्ट घसरतं. त्याच्या अंगात खाचा नाहीत, रुतणार कशाने? गुशैनीला नदीपर्यंत उतरायच्या वाटा अशाच गवताळ आणि उभ्या आहेत.

गंमत म्हणून घरातले जुने अ‍ॅक्शन ट्रेकिंगचे बूटही ओढून पाहिले. कोरड्या कातळावर त्यांचं नाव उगाच झालेलं नाही. शेवाळावर त्यांचीही बाकीच्या रबरासारखीच गत.

25 जुलै

आजची चाचणी रद्द. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून विसर्ग, सिंहगड रोडला सोसायट्यांत पाणी. ताम्हिणीकडे जायचा विचारही नको.

4 ऑगस्ट

फेल्ट अजून वाळलेलं नाही. इतक्या दिवसांत पंखा, इस्त्रीच्या टेबलाखालची जागा, कोरडे कागद कोंबणं, सगळं झालं. बोटाने दाबलं की ओल लागते. पुण्याच्या पावसाळ्यात टॉवेल वाळत नाही, तिथे बोटभर जाडीचं फेल्ट काय वाळणार?

हा नुसता वासाचा प्रश्न नाही. एका नदीतल्या सूक्ष्म गोष्टी दुसऱ्या नदीत नेण्यासाठी ओलं फेल्ट हे उत्तम वाहन आहे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर 2004 मध्ये डिडिमो हे शेवाळ सापडलं. ते नदीचा तळ जाड, मळकट थराने झाकून टाकतं. त्या देशाने 2008 मध्ये फेल्ट सोलवर बंदी घातली. अलास्काने 2012 मध्ये, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाने 2018 मध्ये. व्हरमाँटने 2011 मध्ये बंदी आणली आणि 2016 मध्ये उठवली, कारण डिडिमो तिथलंच जुनं असल्याचं दिसलं. म्हणजे वाद संपलेला नाही. रबराचे बूटही लेसच्या भोकांत आणि शिवणीत चिखल वाहतातच.

पण माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे. तीर्थनच्या काठाला हामनी इथे मत्स्य विभागाचं ट्राउट केंद्र आहे. मुळशीचं पाणी त्या नदीत पिळायचा मला काही अधिकार नाही. न्यूझीलंडची रीत आम्ही उचलली: पाण्यात 5 टक्के भांडी घासायचा द्रव, त्यात सामान भिजवायचं, मग पूर्ण वाळू द्यायचं आणि वाळल्यावर आणखी 48 तास थांबायचं. रबराच्या बुटांना हे जमतं. फेल्टला जमतं का, ते आमच्या गॅलरीत दिसतंच आहे.

दादाला सांगितलं, फेल्ट काढायचं. तो म्हणाला, "आणि मी पडलो तर?" म्हटलं, त्याचंच बघतेय.

10 ऑगस्ट

आमच्या कोपऱ्यावर चप्पल दुरुस्तीचं दुकान आहे. काकांनी बूट उलटा करून दोन मिनिटं नुसता पाहिला. "ताई, हा घालून करता काय?" मासे धरतो म्हटल्यावर, "आणि ते खाता?" सोडून देतो म्हटल्यावर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

त्यांचा पहिला सल्ला टायरचा. "कोल्हापुरीला लावतो तसा टायर लावू? झिजायचाच नाही." न झिजणारं रबर म्हणजे कडक रबर आणि ओल्या दगडाला कडक रबर धरत नाही. आम्हाला झिजणारं हवंय. शेवटी ट्रेकिंगच्या बुटाला लावतात तसली, खोल खाचांची, नखाने दबणारी रबराची शीट ठरली. जाडी महत्त्वाची, कारण पुढे त्यात स्क्रू जायचे आहेत.

काम पाहण्यासारखं होतं. रापीने फेल्ट कडेकडेने सोडवलं, एका ओढीत न काढता. जुनं सोल्यूशन खरवडून दोन्ही पृष्ठभाग कानशीने खरखरीत केले. सोल्यूशनचा पहिला हात, तो सुकल्यावर दुसरा. मग बोट लावलं तर चिकटल्यासारखं वाटावं पण बोटाला लागू नये, इतका वेळ थांबले. घाई करणारा मोची असतो त्याचं काम इथेच फसतं, असं तेच म्हणाले. शेगडीची ऊब दाखवून जोडलं, हातोडीने मधून कडेकडे ठोकत नेलं. शेवटी आरीने कडेने मेणदोऱ्याची शिवण. पाण्यात तासन्‌तास राहणार, म्हणून चिकटवण्यावर विसंबायचं नाही.

हूकही काढून घेतले. त्यांच्या जागी बोहरी आळीतून आणलेल्या नायलॉनच्या अरुंद नवारीचे पट्टे, दुमडून, आत रिव्हेट आणि वर शिवण. लाइन अडकायला आता काही नाही.

18 ऑगस्ट

लेस. इथे वेळ घालवायला हरकत नाही.

नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की लांबतं. काठावर घट्ट बांधलेला बूट वीस मिनिटांनी पाण्यात सैल का वाटतो, त्याचं एक कारण हे. पॉलिएस्टर जवळजवळ पाणी पीत नाही. म्हणून पॉलिएस्टरची, गोल, घट्ट विणीची. दुकानदाराला फरक सांगता आला नाही तर एक तुकडा घ्यावा, मोजून रात्रभर भिजवावा आणि सकाळी पुन्हा मोजावा. चकचकीत गोल लेसची गाठ घसरते, त्यावर मधमाशीच्या मेणाचा खडा ओढला. हाताला किंचित चिकट लागते इतपत.

बांधणी तीन भागांत. पुढची भोकं सैल, बोटं हलली पाहिजेत. पाऊल जिथे घोट्याकडे वळतं तिथे दोन्ही टोकं एकमेकांभोवती एकाऐवजी दोनदा पिळायची आणि खेचायची. या पिळाने खालचा सैलपणा खाली राहतो आणि वरचा ताण वर. मग सगळ्यात वरच्या दोन पट्ट्यांत टाचेचं कुलूप: लेस समोर न नेता त्याच बाजूच्या वरच्या पट्ट्यात घालायची, म्हणजे बाजूला छोटा फासा तयार होतो. समोरून आलेलं टोक त्या फाशातून ओवायचं आणि खाली-मागे खेचायचं. माझी हलणारी टाच यानेच बसली. माप बदलायची गरज उरली नाही.

गाठ. 2017 मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी बुटाची लेस आपोआप का सुटते ते कॅमेऱ्याने टिपलं होतं: पाऊल जमिनीवर आदळतं तेव्हा गाठ ढिली होते आणि पाय पुढे फेकला जाताना मोकळी टोकं तिला बाहेर ओढतात. पाण्यात पाय फेकला जात नाही, पण प्रवाह तीच टोकं सतत ओढत राहतो. म्हणून टोकं लांब ठेवायचीच नाहीत. बांधून झाल्यावर गाठीची पाकळी बुटाला आडवी बसली तर गाठ बरोबर. पावलाच्या दिशेने उभी वळली तर पहिली आणि दुसरी अढी एकाच बाजूने पडलीय. ती सुटणार. दादाची जन्मभर उभी होती. साठीनंतर सवय बदलायला लावली म्हणून त्याने मला जे ऐकवलं ते नोंदीत घालत नाही.

उरलेली पाकळी वेडरच्या खालच्या जाड पट्ट्याखाली खोचायची. तो पट्टा खडे आत जाऊ नयेत म्हणून असतो, त्याचा छोटा हूक सगळ्यात खालच्या लेसला लावायचा.

1 सप्टेंबर

भाच्याचे डायलचे बूट. मी पूर्वग्रह धरून बसले होते, तो अर्धाच टिकला.

ही पद्धत 2001 मध्ये कोलोरॅडोतल्या बोआ कंपनीने स्नोबोर्डच्या बुटांपासून सुरू केली. बारीक पोलादी तार, ती सरकायला गुळगुळीत वाटा आणि एक चकती. दाबून फिरवली की आवळते, बाहेर ओढली की एकदम मोकळी. गाठ नाही, टोक नाही, लाइन अडकायला काही नाही. गारठलेल्या बोटांनी, एका हाताने, गुडघाभर पाण्यात उभं राहून आवळता येते. दादाला वाकायला त्रास होतो, त्याच्या दृष्टीने ही छोटी गोष्ट नाही.

पण तार जवळजवळ घर्षणाशिवाय सरकते, त्यामुळे ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. हेच तिचं कौतुक आणि हीच माझी अडचण. घोट्याला घट्ट हवं असेल तर बोटांवरही घट्ट येतं. दोन चकत्यांचे बूट असतात, याला एकच आहे.

दुसरा मुद्दा बाजाराचा. कंपनी चकती आणि तार बूट टिकेल तोवर बदलून देते, भाचा हे मला पुन्हा पुन्हा सांगतो. खरं आहे. पण ती गुशैनीजवळच्या बंजारच्या बाजारात येऊन देत नाही. तिथे लेस किराणा दुकानातही मिळेल. म्हणून तारेचा बदली संच आणि त्याचा इवलासा स्क्रू ड्रायव्हर घेतल्याशिवाय ते बूट निघणार नाहीत, अशी अट घातली. भाचा म्हणाला, "आत्या, तू एअरलाइनपेक्षा कडक आहेस." शिवाय वेडरच्या पट्ट्याचा हूक तारेला लावायचा नाही, त्यासाठी बुटावर वेगळी कडी आहे.

14 सप्टेंबर

गणपतीची गडबड, त्यात स्क्रूचं काम उरकलं.

कारखान्यातून येणारे खिळे टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचे असतात, दगडाहून कडक. दुसरा पंथ अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा: धातू मऊ, दगडाचा कंगोरा त्यात घुसतो आणि धरतो. तीर्थनला क्वार्टझाइटचे पांढरट धोंडे खूप आहेत, तो दगड बेसाल्टपेक्षा कडक. त्यावर कार्बाइड कधी कधी खरवडत निसटतं. अ‍ॅल्युमिनियमचे बूट आमच्या बजेटबाहेर. भाच्याच्या बुटांना त्याचे कार्बाइडचे, दादाच्या आणि माझ्या बुटांना पत्र्याला मारतात ते षटकोनी डोक्याचे, आखूड स्क्रू. डोक्याच्या कडा दगडात रुततात. लवकर झिजतात, पण मूठभर जास्तीचे खिशात मावतात.

जागा: सोलच्या कडेने आणि टाचेला. मधल्या कमानीत नाही. गोल दगडावर वजन कडेवर येतं. स्क्रू मारण्याआधी सोलची जाडी मोजायची आणि आत हात घालून टोक वर आलं नाही ना, ते पाहायचं. वेडरला आतून भोक पडलं तर पाणी कुठून येतंय, ते शोधण्यातच सुट्टी संपेल.

6 ऑक्टोबर, गुशैनी

पाणी काचेसारखं आणि हाडात शिरणारं. सकाळी देवतेची पालखी खाली कुल्लूच्या दिशेने निघालेली दिसली, ढोल आणि लांब कर्णे नदीच्या आवाजावरून ऐकू येत होते.

स्क्रू लावलेलं रबर शेवाळावर फेल्टइतकं नाही, पण जवळ येतं. मोठ्या पांढऱ्या, उतरत्या धोंड्यावर स्क्रू किंचाळतात आणि इंचभर सरकतात. तिथे पाऊल धोंड्याच्या माथ्यावर न ठेवता दोन धोंड्यांच्या खाचेत, आडवं ठेवायचं. दादाने बांबूची काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकून चालायची पद्धत लगेच उचलली. परतीच्या गवताळ वाटेवर तो आमच्या पुढे होता आणि फेल्टचं नाव काढत नव्हता.

होमस्टेची जमीन देवदाराच्या फळ्यांची. बूट बाहेर ओसरीवर, आत आणायचेच नाहीत, हा नियम ताईंनी न सांगता आम्ही पाळला. ओरखडे कायमचे राहतात.

8 ऑक्टोबर, गुशैनी

सकाळी डायलचा दिवस. आमच्या लेस रात्रीच्या दवाने ओल्या आणि गार, बोटं चालेनात. तोवर भाचा तयार होऊन पाण्यात. त्याला मधल्या डोहाखालच्या वळणावर पहिला ट्राउट मिळाला, हातभरही नाही, पण लाल ठिपक्यांभोवतीची फिकट कडी स्पष्ट. जाळीतच ठेवून सोडला. दुपारी त्याचीच बोटं सगळ्यात आधी बधिर झाली. चकती सैल केली तर टाच उचलते, आवळली तर बोटं जातात. त्याने दर अर्ध्या तासाने सैल-घट्ट करत दिवस काढला. माझी बोटं संध्याकाळपर्यंत जाग्यावर होती.

संध्याकाळी तिन्ही जोड बादलीत. डायल पाण्याखाली धरून पुढे-मागे फिरवून घ्यायचा, म्हणजे बारीक रेती आत बसत नाही.

दादा लेसवर खूष आहे, पण वाकताना त्याचं गुडघ्याचं दुखणं मला दिसतं. पुढच्या वर्षी त्याच्यासाठी दोन चकत्यांचा जोड पाहायचा: खाली एक, घोट्याला एक. पैसे जास्त लागतील. बदली संच दोन.

20 ऑक्टोबर, पुणे

बूट धुऊन, वाळून झाले. इथल्या ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत, सावलीत, दोन दिवसांत कडकडीत. उन्हात थेट ठेवले नाहीत, सोल्यूशन सुटतं.

दादाच्या सोलची शिवण जशीच्या तशी. स्क्रूंची डोकी पुढच्या कडेला गुळगुळीत झालीत, टाचेची ठीक आहेत. पुढची सगळी बदलायची. माझ्या डाव्या बुटाची लेस घोट्यावरच्या पिळापाशी केसाळलीय, नवी जोडी आणली. डाव्या-उजव्यात फरक नको म्हणून दोन्ही बदलेन. दादाच्या उजव्या बुटाचा वरून दुसरा नवारीचा पट्टा रिव्हेटपाशी उसवायला लागलाय. टाचेच्या कुलपाचा सगळा ताण त्याच्यावरच येतो. तिथे दुहेरी नवार लागेल. शनिवारी काकांकडे.